अंबाडीच्या काड्या

सिंकमध्ये अंबाडीच्या काड्या टाकू नका, असं मी आत्यांना कालच सांगितलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, महादेवी; उदगीरहून आमच्याकडे लातूरला राहायला आलेल्या. सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवून आमचे हे, मल्लिकार्जुन, साऱ्या बिल्डिंगला दाखवत सुटले होते. "मशीन हाय म्हणल्यावर दळंना का?" असं म्हणून आत्यांनी जुडीभर काड्या आत घातल्या. तेव्हापासून पाणी जेमतेम उतरत होतं.

सकाळी आत्यांना इन्सुलिन टोचून झालं आणि त्या पूजेआधी गळ्यातलं इष्टलिंग धुवायला उठल्या. आमच्या न्हाणीतच संडास, तिथलं पाणी त्यांना चालत नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओल्या हातातून लिंग निसटून तुंबलेल्या सिंकमध्ये पडलं. त्या मला सांगायला गॅलरीत आल्या, तेवढ्यात ह्यांनी पाणी उतरावं म्हणून मशीनचं बटण दाबलं.

घर्र करून मशीन अडकलं. "बंद करा!" मी ओरडत धावले आणि प्लगच उपटला.

"आत्या, आधी दोन घास खा. सुई टोचलीय."

"गळ्यात लिंग न्हाई अन् घास? पाणीबी न्हाई."

पुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला मायलेकांचा भयंकर राग आला होता आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. आत्यांच्या कपाळावर घाम फुटला होता; रक्तातली साखर उतरायला लागली होती.

मगानं पाणी उपसलं, बॅटरी मारली. खाली फिरत्या चकतीच्या कडेला काळं काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमटा नुसता घसरत होता. हे सिंकखाली आडवे झाले आणि मशीनच्या बुडाला चकती हातानं फिरवायची चावी लावली.

"उलटं फिरवा. हळू."

"उलटं म्हंजी कुन्या अंगाला?"

"मघाशी फिरलं त्याच्या उलटं!"

"मला काय दिसलंय का, शिवकन्या?"

मागे आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "फुटलं का गं?" त्यांचा आवाज चिरका झाला होता.

चकती कटकन हलली. मी हात घालून हाताला लागेल ते ओढलं. अंबाडीच्या धाग्यांचा ओला गोळा वर आला. धागे सोडवले. आत लिंग अख्खं होतं, साधा ओरखडाही नव्हता. मला रडूच फुटलं.

पिण्याच्या पाण्यानं ते घासून घासून धुतलं आणि आत्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. हात लटलट कापत होता, पण आता पूजा, मग तीर्थ, मग घास. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मी खाली वाटी धरली, लिंगावर पाणी ओतलं आणि वाटीत चार चमचे साखर ढवळली.

"तीर्थात साखर?"

"पंचामृतात असतीच की, आत्या."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग लिंग छातीशी धरून त्यांनी तोंड उघडलं. वाटी मीच ओठांना लावली. एका दमात रिकामी झाली.

"अजून दे," त्या म्हणाल्या.