झाकण काढलेला स्विच

मी स्विच बोलतोय. दिवा लावायचं बटण नव्हे, त्याचं माझं काही नातं नाही. मी ऑफिसात कपाटावर बसतो तो चपटा, राखाडी डबा. पुढे चोवीस दारं आणि प्रत्येक दारावर एक हिरवा दिवा. एकेका दारात एकेका कॉम्प्युटरची वायर येते, आणि याचा निरोप त्याला पोचवायचं काम माझं. कोणत्या दारामागे कोण आहे, हे एकदा कळलं की मी विसरत नाही. माझ्याआधीचे डबे आलेला निरोप सगळ्यांच्या कानात ओरडायचे. मी ज्याचा त्यालाच देतो.

माझ्या झाकणावर एका मोठ्या कंपनीचं नाव छापलंय. खरं सांगू का, माझ्यात तिचं फार थोडं आहे. माझं डोकं, म्हणजे मधली चिप, दुसऱ्याच कंपनीची. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी.

मी अकरा वर्षं नोकरी केली ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. तिथल्या मुख्य तंत्रज्ञ बाईंचा एक हट्ट होता. मशीननं काहीही सांगू दे, मायक्रोस्कोपखाली स्वतः पाहिल्याशिवाय त्या रिपोर्टवर सही करायच्या नाहीत. "मशीनचं काय जातंय सांगायला," म्हणायच्या. लोक घड्याळाकडे बघत बसायचे, बाईंना त्याचं काही नसायचं.

त्या निवृत्त झाल्या त्याच महिन्यात माझ्या जागी नवा डबा आला. मला भंगारात टाकणार होते. बाईंनी मला पिशवीत घालून घरी नेलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाईंच्या नवऱ्याला मी काका म्हणतो. त्यांचे गुडघे पार गेलेले. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि शेजाऱ्यांच्या पाट्या वाचल्यासारखं करायचे. बाईंना निवृत्तीचे जे पैसे मिळाले होते, त्यातून दोन वर्षांत तळमजल्यावर घर घ्यायचं, एवढीच दोघांची इच्छा होती.

तेवढ्यात बाईंचे दीर आले.

"वहिनी, सगळं जग इंटरनेटवर चाललंय. हे डबे बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घ्या. विक्री एका वर्षात दुप्पट झालीय त्यांची. आता नाही घेतले तर हात चोळत बसाल."

"आणि बुडाले तर?" काकांनी विचारलं.

"दादा, तू रडूनच सुरुवात करतोस."

बाई म्हणाल्या, "भाऊजी, आधी आत काय आहे ते बघते."

"शेअर घ्यायला डबा उघडावा लागत नाही, वहिनी."

"मला लागतो."

आणि त्यांनी खरंच स्क्रू ड्रायव्हर आणला. अकरा वर्षांची धूळ होती माझ्या पोटात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाईंनी जुन्या टूथब्रशनं मला साफ केलं, भिंग धरलं आणि चिपवरचं नाव वाचलं. "अहो, याचं डोकं तर दुसरीकडचं आहे," त्या काकांना म्हणाल्या. मला हलकं वाटलं.

एका रविवारी बाईंनी लॅबमध्ये वायरिंग करणाऱ्या माणसाला शंका विचारायला घरी बोलावलं. त्यानं मला घरच्या कॉम्प्युटरला आणि टीव्हीला जोडलं. दीरही आले, सहीचे कागद घेऊन. काका पाणी द्यायला आले, तर माझ्या तिसऱ्या दारातून एक वायर निघालेली आणि तिचं दुसरं टोक नुसतंच लोंबतंय. काकांना लोंबणारी वस्तू बघवत नाही. त्यांनी ते टोक उचललं आणि माझ्याच नवव्या दारात खोचून दिलं.

काय सांगू. जो निरोप तिसऱ्या दारातून बाहेर काढावा, तो नवव्यातून परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. माझं डोकं गरगरायला लागलं. पेटलेले दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले.

"बघा वहिनी," दीर खूश होऊन म्हणाले, "याला म्हणतात धंदा."

कॉम्प्युटर मात्र ठप्प झाला होता. वायरिंगवाला हसला. "काम शून्य आहे, साहेब. तेच ते गोल गोल फिरतंय." त्यानं वायर उपटली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बाई वाकून माझे दिवे बघत होत्या. मग त्यांनी वायरिंगवाल्याला विचारलं, "या कंपनीचे डबे तुम्ही यंदा किती बसवले?"

"गेल्या वर्षीपेक्षा कमीच. पण मी ज्यांच्याकडून घेतो, त्यांच्या गोदामात खोकी छतापर्यंत आहेत. कंपनी म्हणते, ठेवून घ्या, खपलं नाही तर परत घेऊ."

बाईंनी कंपनीचा वार्षिक अहवाल काढला आणि बोट फिरवत फिरवत शेवटच्या पानांवर आल्या. वितरकांकडे पडून असलेला माल तिप्पट झाल्याची ओळ तिथे बारीक अक्षरात होती, आणि तोच माल विक्रीत धरलेला. त्यांनी कागद दिरांकडे सरकवले. "भाऊजी, दिवे दिसताहेत. निरोप पोचताना दिसत नाही. मी सही करणार नाही."

दीर चहा न घेता गेले.

पुढचे चार महिने तो शेअर चढतच राहिला. काका पेपरात भाव वाचायचे आणि पेपराची घडी घालायचे. ते खालून येताना दुसऱ्या मजल्यावर जरा जास्तच वेळ थांबायला लागले होते. एकदा माझी धूळ झटकताना बाई हळूच म्हणाल्या, "चुकले का रे मी?" मला फार वाईट वाटलं. मी दिव्यांपलीकडे काय बोलणार?

पाचव्या महिन्यात गोदामातली खोकी कंपनीकडे परत गेली आणि भाव निम्म्याच्या खाली आला. दीर आले. "थोडेच घेतले होते," म्हणाले. बाईंनी एका शब्दानं टोकलं नाही. चहा दिला, तो त्यांनी घेतला.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. पहिल्या दिवशी काका काही काम नसताना चार वेळा दाराबाहेर जाऊन आले. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. मी पाहिलं.

माझी तीनच दारं चालू आहेत, पण माझी तक्रार नाही. झाकण बाईंनी परत लावलंच नाही. ते अंगणात काकांच्या कुंडीखाली आहे, कंपनीच्या नावासकट. तुम्ही कधी आलात तर माझ्या दिव्यांचं कौतुक करू नका. निरोप पोचला का, तेवढं विचारा.

परवा दीर आले होते. दुसरी कंपनी, दुसरा डबा, तोच उत्साह. बाई काही बोलणार एवढ्यात दिरांनीच खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी उघडून बघू."