दौलतरावांचा विरोध

इंद्रवेल्लीच्या अलीकडच्या त्या वस्तीत कोणा पोरीची शाळा कायमची बंद व्हायची वेळ आली की बाया नवऱ्यांना सुनावायच्या, "दौलतरावाकडं पाहा जरा!" दौलतरावांना हे ठाऊक होतं, आणि कोणी पुन्हा सांगितलं तर ते थांबून ऐकूनही घेत. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं दफ्तर सांभाळलं, पण त्यानं काही नाव झालं नाही. नाव झालं ते मैत्रीमुळे. पोरगी गायची, आणि हा बाप तिला सायकलीवर बसवून गावोगावच्या भीमजयंतीला न्यायचा.

"आवाज कोनाचा घेतला हो पोरीनं?" असं कोणी विचारलं की दौलतराव छाती फुगवायचे. "आमच्याकडूनच आला. माह्या आज्याचा आवाज लय खडा व्हता." त्यांची बायको द्वारकाबाई यावर काही बोलायची नाही. मैत्री सकाळी गायला बसली आणि वरचा सूर नेमका लागला, की चुलीकडून तिचं "हं" यायचं. दौलतरावांना वाटायचं, बाईला खोकला झाला. एकदा औषधाची बाटलीसुद्धा आणून दिली होती त्यांनी.

तर मैत्रीची निवड झाली मुंबईच्या एका गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये, आणि ती निघायच्या आधी घरचं शूटिंग करायला चार माणसं आली. कॅमेरावाला, आवाजवाला, दिवे धरणारा, आणि या तिघांवर हुकूम चालवणारी आरोही नावाची पंचविशीची पोरगी. आल्या आल्या तिनं पंखा बंद करवला, फ्रिजचा प्लग काढला, शेजारच्या बकऱ्या लांब बांधायला लावल्या. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून झाली, सायकल पुसून झाली. मग दौलतरावांना खुर्चीवर बसवून तिनं विचारलं, "काका, मैत्रीच्या गाण्याला विरोध कोणी केला?"

"विरोध? कोनीच नाई."

"घरातून? नातेवाईक वगैरे?"

"मीच तिले सायकलीवर नेत व्हतो, तं विरोध कोन करन?" दौलतराव खुशीत बोलले.

आरोहीचं तोंड उतरलं. तिनं समजावून सांगितलं, की दोन मिनिटांची फिल्म असते आणि तिच्यात अडचण लागते. एकाला भावानं घराबाहेर काढलंय, एकीचं लग्न मोडलंय. जिची गोष्ट नाही तिला लोक मतं देत नाहीत, आणि मतं नाहीत तर पोरगी दुसऱ्या आठवड्यात घरी.

घ्या! पोरीला अडवलं नाही, हाच गुन्हा झाला. दौलतरावांनी मैत्रीकडं पाहिलं. ती नवा ड्रेस घालून कोपऱ्यात नखं कुरतडत उभी होती.

"मंग मीच व्हतो म्हना आडवा," ते म्हणाले.

"बाबा, काऊन खोटं बोलता?"

"चूप राय. दोन मिनिटाचं तं काम हाये."

पण काम जमेना. "मी मुलीला गाण्यास सक्त मनाई केली होती," असं ते नोटीस वाचल्यासारखं म्हणायचे, आणि वर हसायचे. पाच वेळा झालं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. शेवटी आरोही म्हणाली, "काका, कॅमेरा विसरा. समोर गाणारी उभी आहे आणि तिला तुम्हाला आजच्या आज थांबवायचंय. बोला."

दौलतरावांनी मान वळवली आणि बोलले, "लय झालं गानं. माइकसमोर उभी राह्यशीन तं लोक तुहं गानं आयकतीन का तुले पाह्यतीन? माह्या घरात राह्याचं असन तं तोंड बंद ठेवाचं. आजपासून आवाज आयकू नाई आला पायजे मले."

एका दमात. हसू नाही, अडखळणं नाही.

"कट! काका, कमाल केलीत!" आरोहीनं टाळ्या वाजवल्या. दौलतरावांना स्वतःलाच कळेना, एवढं आलं कुठून.

द्वारकाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं चौघांना एकेक कप दिला, मग नवऱ्याला दिला. "एक राह्यलं," ती म्हणाली. "शेवटी 'समजलं का' म्हनले व्हते तुमी."

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, लग्नाच्या पहिल्याच सालची गोष्ट. माहेरी वांकिडीला जयंतीच्या स्टेजवर पहिलं गाणं द्वारकेचं असायचं. सासरी आल्यावर ते बंद झालं. दौलतराव हे विसरले होते. खरं सांगायचं तर त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मैत्रीनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. विचारलं मात्र काही नाही. तिच्या ड्रेसला माइक लावलेला होता.

"वा काकू, छान सुचवलंत!" आरोही म्हणाली. "परत घेऊ काका, शेवटी 'समजलं का' घालून."

आता कुठलं बोलणं येतंय! बायको समोर उभी. दौलतरावांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा आवाज चिरकला.

"नको, घाबरल्यासारखं वाटतंय," आरोही वैतागली.

"पयलंच ठेव बाई," द्वारकाबाई म्हणाली आणि रिकामे कप उचलून आत गेली.

पुढच्या महिन्यात ते टीव्हीवर आलं. अर्धी वस्ती दौलतरावांच्या घरात बसलेली. पडद्यावर दौलतराव ओरडले आणि सगळे खो-खो हसले. सायकल कोणाची आणि कॅरिअरवर कोण बसायचं, हे वस्तीला का ठाऊक नव्हतं!

"पोरीसाठी सोताचं नाव खराब करून घेतलं. बाप पायजे तं असा," शेजारचे माणिकराव म्हणाले. "अन् अ‍ॅक्टिंग? एक नंबर!"

"अ‍ॅक्टिंग नोती थे," दौलतराव म्हणाले.

"आं?"

"हेच बोललो व्हतो मी. मैत्रीले नाई, द्वारकेले. पोरीचा आवाज मायकडूनच आला. तिचा मी बंद केलता."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! अजून अ‍ॅक्टिंगच करून राह्यला बुवा!" पुन्हा हशा झाला. कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला, कारण मैत्री गायला लागली होती.

दौलतराव टीव्हीकडं पाहत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होते. आतून द्वारकाबाईचं "हं" आलं. मैत्रीचा वरचा सूर अजून यायचा होता.