पाण्याचा फेरा

स्क्रूड्रायव्हरची मूठ, कानाला टेकवलेली. खिडकीतून आत आलेलं धुकं. एक पितळी चाकी. बंबातली राख. लोणच्याची फुटकी बरणी.

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि या सगळ्यांशी माझी ओळख आहे. माझं अंग ओतीव लोखंडाचं. एकसष्ट साली मला लोणावळ्यात, रतनशेठच्या बंगल्यात बसवलं. वरच्या नळीत थांबून निवलेलं पाणी मी ओढायचो आणि परत बंबात ढकलायचो. म्हणून न्हाणीतला नळ सोडताच ऊन पाणी येई. पाहुणे नळाचं कौतुक करत. माझं नाव कुणी घेत नसे.

शेठ सुट्टीपुरते मुंबईहून येत. एरवी घर बयाबाई सांभाळायची. ती तिकोणा पेठ गावची.

एका दिवाळीत न्हाणीत गार पाणी आलं.

"पंप गेला," शेठ म्हणाले. "उद्या भंगारात द्या."

बयाबाईने सुदुंबऱ्याच्या दत्तोबा मिस्त्रीला बोलावलं. त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या अंगाला लावला आणि मूठ कानाला.

"फिरतोय तर झ्याक."

वीज ठीक होती. नळीत हवाही अडकली नव्हती. मग त्याने नळ्यांवरून तळहात फिरवला.

"ही ऊन. ही गार. पाणी कुटंतरी अडलंय."

नळी धरून तो स्वयंपाकघरामागे, पाणी सोडायच्या-अडवायच्या पितळी चाकीपाशी गेला.

"ही चाकी कुनी आवळली, मावशी?"

"मीच. न्हाणीतनं माघारी आलेलं पानी बंबात जायाचं. उष्टंच की ते. शेटच्या आईसाहेब त्याच पान्यानं न्हाऊन पूजेला बसत्यात."

"नळीच्या भाईर पडलंच न्हाई, त्याला उष्टं कुनी केलं?"

"मग गेलतं कुटं?"

"हवा खायाला. लोनावळ्याला समदे त्यासाठीच येत्यात."

दत्तोबाने चाकी उघडली. बयाबाईने नळीवर हात ठेवला. नळी हळूहळू ऊन होत गेली, तशी ती हात न काढता वर बघत राहिली, पाणी कुठून कसं फिरत असेल याचा माग काढत. मग एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "शेटना सांगशील? आदीच्या बाईला बरनी फुटली म्हून काडलं त्यांनी."

तेवढ्यात शेठ आले.

"काय बिघडलं होतं?"

मी फिरत राहिलो. दुसरं काय करणार? मला दोष दिला तर मी भंगारात, खरं सांगितलं तर बयाबाई घराबाहेर.

"पंप चोख हाय, शेट," दत्तोबा म्हणाला. "गेल्या खेपंला ही चाकी उघडायची मीच इसरलो."

"अशी कामं करतोस? पुन्हा या घरात येऊ नकोस."

"व्हय, शेट."

मित्रांनो, यंत्र अडलं की आधी त्याला हात लावून बघा. कुठे ऊन आहे, कुठे गार, ते विचारा. फेकणं काय, कधीही होतं.

त्या दिवसाआधी दत्तोबाने त्या बंगल्यात पाऊलही ठेवलं नव्हतं.