डहाणूपर्यंत

दांडीच्या जमनाचा एकुलता एक मुलगा एकनाथ कांडल्याच्या बंदरात लाँचच्या इंजिनावर कामाला होता. त्याची मुलगी मंदा सहा महिन्यांची असताना एकदाच दांडीला आली होती. आता ती पाच वर्षांची झाली, तरी आजीच्या डोळ्यांपुढे ते अंगडं घातलेलं बाळच होतं. कुणी विचारलं की जमना अजून हातानेच दाखवायची, "एवडी हाय."

जमनाने कांडल्याला जायचं काढलं की तिचा नवरा रामू तांडेल म्हणायचा, होडी कोण बघणार? पावसाळ्यात होडी वर ओढलेली असली की म्हणायचा, जाळी कोण विणणार? खरं म्हणजे दर्यात कधी न भ्यालेला हा माणूस आगगाडीच्या लांबच्या प्रवासाला बिचकत होता. जमनाला ते ठाऊक होतं, पण तिने कधी तोंडावर म्हटलं नाही.

त्या वर्षी फाल्गुनात सुनेच्या, चंद्रकांतेच्या, भावाचं लग्न वेसाव्याला झालं. रजा संपत आल्यामुळे एकनाथला परतताना दांडीला उतरता येणार नव्हतं. वीरमगामची गाडी पालघरला थांबते, तिथे या, असा त्याने निरोप धाडला. गाडी बोईसरला थांबत नसे, म्हणून म्हातारा-म्हातारी बैलगाडीने बोईसरला आली आणि तिथून शटलने पालघरला जाऊन फलाटावर उभी राहिली. जमनाच्या पाटीत सुके बोंबील होते आणि तांदळाचे लाडू.

गाडी आली. एकनाथने खिडकीतून हात हलवला. पाटी आत ठेवायला म्हणून जमना डब्यात चढली. चंद्रकांतेने वाकून नमस्कार केला आणि मंदाला पुढे ढकललं. पोरगी आईच्या पदरात शिरली.

"आजी हाय तुजी," एकनाथ म्हणाला.

मंदाने पदराआडूनच सांगितलं, "मारी बा तो कांडलामां छे."

चंद्रकांता ओशाळली. शेजारी एक गुजराती म्हातारी आहे, पोर दिवसभर तिच्याकडेच असते, तिलाच बा, म्हणजे आजी, म्हणते, असं तिने घाईघाईने सांगितलं. जमना हसली आणि तिने पाटी बाकाखाली सरकवली. रामू बाहेरून खिडकीच्या गजांना धरून नातीकडे बघत होता. त्याने एक बोट आत घातलं, ते मंदाने धरलं नाही.

शिट्टी झाली. एकनाथ म्हणाला, "आये, उतर आता."

जमना उतरली नाही. लुगडं सावरून ती बाकावर बसली. गाडी हलल्यावर खिडकीतून रामूला एवढंच म्हणाली, "डहानूला उतरते मी."

रामू गाडीबरोबर चार पावलं चालला आणि थांबला.

तपासनीस आला, तेव्हा एकनाथने आईचं तिकीट काढलं. जमनाने मंदाला जवळ ओढलं नाही की लाडूही पुढे केला नाही. ती बाहेर बघत बसली. खाडी लागली तेव्हा सहज म्हणाली, "आमी याला पानी म्हनतो. तुजी बा काय म्हनते?"

"पाणी," मंदा म्हणाली.

"आनि मासोळीला?"

"माछली."

"मासली."

"मासली नाय. माछली."

जमनाने पुन्हा चुकवलं. पोरगी पदराबाहेर आली. या एवढ्या मोठ्या बाईला साधं बोलता येत नाही याचं तिला नवल वाटलं आणि ती शिकवायला बसली. भात, मीठ, चांदोबा. बोईसर मागे पडलं तेव्हा ती जमनाच्या मांडीला टेकली होती. वाणगावच्या पुढे ती मांडीवरच होती आणि आजीच्या कानातल्या बुगड्या फिरवून बघत होती. बा गोष्ट सांगते, बा ताप आला की डोक्यावर ओला कपडा ठेवते, असं सगळं ती सांगत सुटली. जमना ऐकत होती. पोरीचा ताप तिला आजच कळला होता. त्या दिवसांत आपण इथे बोंबील वाळवत होतो, आणि कुणीतरी तिच्या उशाशी बसलं होतं.

डहाणू आलं. उतरताना जमनाने सुनेचा हात धरला.

"त्या बाईला सांग, दांडीच्या जमनेनं नमस्कार सांगितला. लाडू तिलापन दे. त्यांत मासोळी नाय, म्हनावं."

मंदा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "माछली."

"मासली," जमना म्हणाली, आणि पोरगी खदखदून हसली. गाडी सुटली.

फलाटावर जमनाने डोळे पुसले आणि परतीचं तिकीट काढलं. पालघरचं काढावं की बोईसरचं, याचा क्षणभर घोळ झाला. मग बैलगाडी बोईसरला सोडलीय, म्हातारा तिथेच येईल, असा तिने विचार केला. दिवस कलताना ती बोईसरला उतरली, तर रामू नळाजवळ उभा होता. तो रागावलेला दिसत नव्हता. बैलगाडीत बसल्यावर त्याने कासरा हातात घेतला.

"कोनासारखी हाय?" त्याने बैलांकडेच बघत विचारलं.

"तुमच्यासारखी. आपलंच खरं करते."

कुंभवली गाव मागे पडल्यावर रामू म्हणाला, "औंदा पावसाल्यात होडी शाकारली का जाऊ. जाळी विनल शेजारचा देवू."

आषाढात ती दोघं खरोखरच गेली आणि चांगली महिनाभर राहिली. रामूला तिथलं पाणी मानवलं नाही, पण परत निघायचा विषय त्याने स्वतःहून एकदाही काढला नाही.