मॅडमचा इंच

"श्वास सोड."

"सोडलाय, मावशी. आता प्राण सोडायचा तेवढा राहिलाय."

पाठीवरची चेन कमरेशी अडून बसली होती. मावशींनी एका हाताने कापड चिमटीत धरलं, दुसऱ्याने चेन ओढली. ती चार दात वर चढली आणि पुन्हा हटून बसली. आरशासमोर उभी असलेली मुलगी पंचविशीची. उडी मारली की हवेतच काही काळ राहायला गेल्यासारखी वाटायची, म्हणून नृत्यपथकात सगळे तिला स्प्रिंग म्हणत. नव्या प्रयोगाला तीन दिवस उरले होते आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसणारा तो लाल, एकसंध सूट अजून तिच्या अंगावर धड चढत नव्हता.

"मावशी, माप चुकलं असेल का हो?"

"माप तुझंच आहे. मागच्या महिन्यात घेतलेलं. तू वाढलीस."

हे वाक्य मावशी चोवीस वर्षं बोलत आल्या होत्या. इतकं तोंडपाठ, की ओठांत टाचण्या धरलेल्या असल्या तरी अडखळत नसे.

स्प्रिंगने आरशात स्वतःकडे पाहिलं. बरगड्या कापडातून मोजता येत होत्या, पण तिला त्या दिसल्याच नाहीत. ती म्हणाली, "रात्रीचं जेवण तर सोडलंयच. उद्यापासून दुपारचंही बंद करते."

मावशींच्या हातातून चेन सुटली.

हेच वाक्य. याच खोलीत, याच आरशासमोर, त्यांच्या स्वतःच्या लेकीने म्हटलं होतं. "आई, उद्यापासून दुपारचंही बंद करते." आणि तेव्हा मावशींनी काय केलं होतं? काही नाही. मान डोलावली होती आणि दोरा ओवला होता.

"काढ तो सूट," मावशी म्हणाल्या. "ठेव इथे. आणि जाऊन आधी पोटभर जेव."

"पण मावशी, मॅडम..."

"जेव म्हटलं ना! माझ्या खोलीत पुन्हा उपाशी आलीस तर दारातूनच हाकलून देईन."

मुलगी गेली, तशा मावशी स्टुलावर बसल्या. समोरच्या कपाटात कापड बेतायचे खाकी कागदाचे खाके टांगलेले होते. पथकात आलेल्या प्रत्येक मुलीचा एकेक. मावशींखेरीज त्या कपाटाला कुणी हात लावत नसे.

आता या कपड्याची एक गंमत आहे. ताणाचं कापड अंगापेक्षा लहानच कापायचं असतं. अंग अठ्ठावीस इंच तर कापड पंचविसाचं. बाकीचं ते ताणून भरून काढतं, तेव्हा कुठे सूट सुरकुती न पडता बसतो. ही झाली विद्या, ती कुणालाही शिकता येते. पण इथे त्यानंतर अठ्ठाविसाला सत्तावीस समजून कापायचं, असा नियम होता. तो वरचा एक इंच मॅडमचा.

चोवीस वर्षांपूर्वी, कामावरच्या पहिल्याच आठवड्यात, पथक चालवणाऱ्या मॅडमनी दार लावून घेऊन सांगितलं होतं, "छाती, कंबर, मांडी, सगळीकडे एक इंच कमी. मुलींना कळू द्यायचं नाही. कपडा काचला की अंग ताब्यात राहतं." मावशी तेव्हा नवऱ्याने टाकलेल्या, पदरात दहा वर्षांची पोर. एका इंचाने काय आभाळ कोसळतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मात्र हात प्रामाणिक होता. खाक्यावर खरं माप त्या निळ्या पेन्सिलीने लिहीत आणि शिवायचं माप लाल पेन्सिलीने. खोटं बोलायचं तेवढं तोंडाने.

पुढे ती पोर एकोणिसाची झाली आणि याच पथकात आली. तिचाही सूट मावशींनीच शिवला. निळं, लाल, सगळं रीतसर. तीन वर्षांनी एका सकाळी, रिकाम्या पोटी, सरावात उडी घेताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डावा गुडघा गेला तो गेलाच. आज चौतीस वर्षांची ती लेक बस आगारात तिकीट खिडकीवर बसते, दोघी मावतील असे ढगळ सदरे घालते आणि आईसमोर कधी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

दार वाजलं. मॅडमच होत्या. सत्तरीतही पाठ ताठ, मान उंच.

"स्प्रिंगचा सूट अजून अर्धा इंच आत घ्या, मावशी. मांड्या दिसतायत."

"मांड्या आहेत, म्हणून दिसतायत."

"काय म्हणालात?"

"त्या मांड्यांवरच ती उडी घेते, मॅडम. त्या काढून टाकल्या तर उडी कशावर घेणार? तुमच्या शिस्तीवर?"

मॅडमनी दार हळूच लोटलं. "आज बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"चोवीस वर्षांत आज पहिल्यांदा बरं वाटतंय."

"मावशी, या मुली माझ्या शत्रू नाहीत. मला माझ्या गुरूंनी असंच घडवलं. अजून माझी कंबर तीच आहे."

"आणि अजून तुम्ही अर्धीच भाकरी खाता. मी बघते ना."

मॅडमच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्या म्हणाल्या, "पाचपर्यंत सूट तयार हवा," आणि गेल्या.

मावशी उठल्या. कपाट उघडून त्यांनी आत्ता नाचणाऱ्या अकरा जणींचे खाके काढले, काखोटीला मारले आणि थेट सरावाच्या दालनात गेल्या. चोवीस वर्षांत त्यांनी तिथे कामाशिवाय पाय टाकला नव्हता, पण आज चपलाही बाहेर काढायच्या विसरल्या. संगीत चालू होतं. ते त्यांनी बंद केलं. मग गुडघे धरत खाली बसून एकेक खाका फरशीवर अंथरत गेल्या.

"आपापला ओळखा गं. निळा आकडा तुमचा. लाल आकडा मी शिवला तो. प्रत्येक ठिकाणी एक इंच कमी, मॅडमच्या सांगण्यावरून. तुमच्यातली एकही वाढलेली नाही. मी खोटं बोलत होते."

मग सगळ्यात उंच मुलगी वाकली, तिने आपला खाका वाचला आणि अशी सणसणीत शिवी हासडली की मावशींना बरंच वाटलं. एकीला हसू फुटलं, ते थांबेचना, आणि शेवटी त्याचं रडू झालं. स्प्रिंग मात्र लाल आकड्यावर बोट ठेवून बसून राहिली.

आवाज ऐकून मॅडम आल्या होत्या. "चोवीस वर्षं हात तुमचेच होते, मावशी," त्या शांतपणे म्हणाल्या.

"होते ना. म्हणून तर माझ्याच तोंडून ऐकायला हवं. तुम्ही सांगितलंत, पण शिवलं मी. आणि माझ्या पोटच्या पोरीलाही सोडलं नाही."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून कशाला? आजपासूनच. फक्त स्प्रिंगचा सूट पुरा करून जाते. अर्धवट काम टाकून जायची मला सवय नाही."

बोलायला बोलल्या, पण पंचाईत होती. साध्या कपड्याची शिवण उसवून सैल करता येते. ओव्हरलॉक मशीन मात्र शिवता शिवताच जास्तीची कड कापून टाकतं. आत सोडायला सूतभरही उरत नाही. शिवाय ते लाल कापड संपलेलं. शिल्लक होतं ते हळदीसारखं पिवळं. मावशींनी दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपासून घोट्यापर्यंत उसवल्या आणि तिथे पिवळ्या पट्ट्या घातल्या. लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. दिसू दे की! इतकी वर्षं चोरलेला इंच आहे, मिरवतच परत जाऊ दे.

स्प्रिंगने सूट घातला. चेन एका दमात मानेपर्यंत गेली. तिने दीर्घ श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि जागच्या जागी अशी उडाली की टाचण्यांचा डबा मेजावरून खाली आला.

"मावशी," दारातून आवाज आला. उंच मुलगी होती, हातात आपला सूट. तिच्या मागे आणखी तिघी. "पिवळं किती उरलंय?"

मावशी पाचला निघणार होत्या, त्या रात्री नऊला निघाल्या. निघताना कपाटाच्या तळातून एक जुना खाका तेवढा घेतला.

लेक घरी आलेली होती. तिने डाव्या पायाखाली उशी घेतली होती. मावशींनी पाणीही न पिता खाका तिच्यासमोर टेबलावर उलगडला आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही.

लेकीने निळा आकडा वाचला. मग लाल. मग पुन्हा निळा.

"म्हणजे मी वाढले नव्हते?"

"सूतभरही नाही."

"बारा वर्षं मला वाटत होतं, माझंच अंग मला फितूर झालं."

"अंग नव्हतं गं. आई होती."

लेक उठली, लंगडत आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. मावशी तशाच उभ्या राहिल्या. नोकरी गेली याचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण हे दार उघडलं नाही तर आपलं काय, हे त्यांना कळेना. क्षमा मागावी असं मनात आलं, पण ती मागायलाही तोंड असावं लागतं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. लेक बाहेर आली. ढगळ सदरा तिने काढून ठेवला होता. अंगात नुसती आतली बिनबाह्यांची बंडी होती. इतक्या वर्षांनी मावशींना तिचे खांदे दिसले.

"मला एक सूट हवाय," ती म्हणाली. "माझ्या मापाचा. घरात घालीन, नाहीतर बाजारात घालून फिरेन, लंगडत. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"कुणाच्याच नाही."

"मग माप घे."

मावशींनी गळ्यातली फीत काढली. ती कमरेभोवती बरोबर फिरली. ते काम हातांना पाठ होतं. सवयीने त्या आकडा वाचायला वाकल्या, तेवढ्यात लेकीने फितीवर तळवा ठेवला.

"फीत तू धर," ती म्हणाली. "आकडा मी वाचणार."

मावशींनी मान दुसरीकडे वळवली आणि फीत धरून उभ्या राहिल्या.