सुई वर असताना वाढलेला ठिपका

ही गोष्ट कोणालाही पटायची नाही, आणि पटलीच तर त्याने आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. एका प्रयोगशाळेत नणंद-भावजय एकाच यंत्रावर काम करत आणि तरीही एकमेकींशी बोलत. एवढं गिळलंत ना? मग पुढचं ऐका.

वहिनीपुढे फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा पापुद्रा होता. त्यात डोमेन नावाच्या इवल्या वस्त्या; काही वर तोंड करून बसलेल्या, काही खाली. केसाहून हजारपट बारीक टोकाची सुई टेकवून व्होल्टेज दिलं की टोकाखालची वस्ती तोंड फिरवते; यालाच तिथे लिहिणं म्हणत. मग तीच सुई हलकेच फिरवून उलटलेला ठिपका पडद्यावर बघायचा. तो आहे तेवढाच राहतो, एवढंच आज प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना दाखवायचं होतं. नाहीतर यंत्र दुसऱ्या गटाकडे आणि वहिनीचा प्रबंध बासनात.

पण ठिपका राहील तर शपथ! पहिल्यांदा पाहिला तर पडद्यावर मोहरीएवढा, पुन्हा पाहिला तर वाटाण्याएवढा. त्याची कड पापुद्र्यातल्या एखाद्या खोटीपाशी अडायची, मग हळूच पुढे सरकायची. वहिनीने नमुना बदलला. दार लावून घेतलं. नणंदेला श्वाससुद्धा रोखायला लावला. ठिपका लिंबाएवढा! लिहिण्याचं व्होल्टेज शून्यावर आणलं होतं ना? आणलं असेलच, रोज आणते. तिला वर काय न् खाली काय कळेना. जिना चढताना आपण उतरतोय असं वाटावं, तशी तिची गत झाली.

तेवढ्यात सर आले. "काय, राहिला का ठिपका?"

वहिनीच्या तोंडून भलतंच निघालं. "सर, हा आपोआपच वाढतो! जेवायच्या सुट्टीत सुई उचलून ठेवली होती, तरी माझ्या डोळ्यांदेखत लिंबाचा भोपळा झाला. आणखी थोडा वेळ गेला असता तर पडद्याबाहेर आला असता!"

"व्होल्टेजशिवाय? अहो, हा तर शोध आहे!" सर खुर्चीत बसलेच. वहिनीलाही क्षणभर ते खरं वाटलं.

नणंदेने आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण दाबून लावलं.

"अगं वहिनी, सुई वर होती तर तुला दिसला कशाने? आपले डोळे म्हणजे ती सुईच ना! आणि ते लिहिण्याचं व्होल्टेज बघ, अजून चालूच आहे."