तटस्थ म्हैस

बाबांनी उत्तरेकडच्या बख्शी का तालाब या गावी अंजन गवत लावलं होतं. आपल्याच मातीतलं. एकदा रुजलं की कापा, चरा, वर्षानुवर्षं फुटत राहतं. प्रधानजींना, म्हणजे तिथल्या सरपंचांना, ते पटलं तर गावची पडीक जमीन गवताला मिळणार होती, आणि राखण माझ्याकडे. नाही पटलं तर मी पुन्हा नववीत, माझ्या कोपराएवढ्या पोरांच्या बाकावर. त्यापेक्षा मी गवत खाईन.

प्रधानजी म्हणाले, "जानवर खाके दिखाए, तब मानें."

गावात म्हशी काय कमी होत्या? पण बाबा सायंटिस्ट ना! "जुई, इथल्या म्हशींनी हे गवत आधी चाखलंय. त्यांचं मत धरता येत नाही. तटस्थ जनावर हवं."

मग मी शहरातल्या विनयभैयाची म्हैस आणली, दुलारी; सोबत भैयाही आला. टेम्पोत तिने माझी अर्धी ओढणी खाल्ली. म्हटलं चला, भूक तरी आहे.

तिला गवतात सोडलं. ती उभी, आम्ही उभे. तिने गवताकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"भैया, खा क्यों नहीं रही?"

"बिटिया, ये ज़मीन से नहीं खातीं," विनयभैया अदबीने म्हणाला. "परोसना पड़ता है."

माझं डोकंच सणकलं. "बाबा, आणा अजून तटस्थ!"

बाबा चष्मा पुसायला लागले. प्रधानजी मोटरसायकलकडे निघाले. मी चप्पल काढून दुलारीवर भिरकावली. नेम चुकला, चप्पल गेली थेट तुरीच्या शेतात.

तिथून एक नीलगाय उसळून बाहेर आली. चार ढांगांत गवतात. थबकली. आमच्याकडे बघितलं, खाली हुंगलं, आणि लागली की चरायला! मागून आणखी दोन आल्या.

"यही हैं!" प्रधानजींनी काठी उचलली. "हमारी सारी मटर यही चर जाती हैं!"

मी काठीच धरली. "रुकिए ना! यहाँ पेट भरेगा तो मटर में काहे जाएँगी?"

प्रधानजींनी काठी खाली टेकवली. मग बाबांना म्हणाले, "डॉक्टर साहब, परती ज़मीन ले लीजिए. मटर की तरफ़ से शुरू कीजिएगा."

राखण मला मिळाली. पहिलं काम एका पायात चप्पल घालूनच केलं: गवत कापलं, बादलीत भरलं आणि दुलारीपुढे ठेवलं.

तिने बादली चाटूनपुसून साफ केली.

"बघ," बाबा म्हणाले, "तटस्थ मत."